‘आय हॅड गॉन येस्टरडे’: इंग्रजीत काळ नेमका कुठे चुकतो आणि तो कसा धरायचा

परवा शिकवणीला येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने रजेचा अर्ज लिहून दाखवायला आणला. पहिलंच वाक्य होतं, ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू माय मामाज हाउस इन निपाणी.’ मी ‘हॅड गॉन’ खोडून वर ‘वेंट’ लिहिलं. तिने मान डोलावली, ‘कळलं सर’ म्हणाली. खालच्याच ओळीत मात्र ‘माय मदर हॅड टेकन मी देअर’ तसंच उभं होतं.

बेळगावात शहापूरच्या एका गल्लीत मी संध्याकाळी मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेतो. काही मुलं गल्लीतली, काही वडगावची, दोघंतिघं येळ्ळूरहून सायकलवर येतात. रविवारी उद्यमबागेतल्या कारखान्यांत नोकरी करणारे काही तरुण येतात, त्यांना ऑफिसचे ईमेल लिहायचे असतात. वयं वेगळी आणि गरजाही वेगळ्या, पण काळाच्या चुका सगळ्यांच्या तंतोतंत सारख्या. दुरुस्त करून दिल्या की महिन्याभराने त्याच परत येतात.

बरीच वर्षं मला वाटायचं, मुलांना तक्ता पाठ नाही म्हणून हे होतं. म्हणून बारा काळांचा तक्ता घोकून घ्यायचो. तो त्यांना पाठ झाला आणि चुका होत्या तिथेच राहिल्या. अर्ज लिहिणारी ती मुलगी पास्ट परफेक्टची व्याख्या झोपेत विचारली तरी सांगेल. मग चूक कुठून येते?

ती येते त्या तक्त्यातल्या मराठी रकान्यातून. बाजारात मिळणाऱ्या गाइडांमध्ये एका बाजूला ‘मी गेलो होतो, पूर्ण भूतकाळ’ आणि समोर ‘आय हॅड गॉन, पास्ट परफेक्ट’ असं छापलेलं असतं. नावं जुळतात म्हणून कामही एकच असेल, असं मूल धरून चालतं. मराठीतला पूर्ण भूतकाळ आणि इंग्रजीतला पास्ट परफेक्ट हे एका नावाचे दोन वेगळे कामगार आहेत. मूल आधी मनात मराठी वाक्य तयार करतं, त्याचं क्रियापद उचलतं आणि रकान्यात समोर असलेलं इंग्रजी रूप लावतं. आपल्याकडे त्यात कानडीचीही भर पडते, कारण शेजार, दुकान, बस आणि शाळेतला एक विषय कानडीत असतो. बऱ्याच जागी मराठी आणि कानडी एकाच दिशेने ढकलतात, म्हणून सीमाभागातल्या मुलाची चूक दुप्पट घट्ट बसलेली असते.

मी आता मुलांना मराठी क्रियापद बाजूला ठेवायला सांगतो आणि घडलेल्या गोष्टीबद्दल दोन प्रश्न विचारायला लावतो. ती कधी घडली ते ठरलेलं आहे का? ती संपली का, की तिचं काही अजून चालू आहे? रूप या दोन उत्तरांवरून निवडायचं. खाली आमच्याकडे सगळ्यात जास्त येणाऱ्या चुका आणि त्यांचं मूळ लिहितोय. क्रम माझ्या वहीतल्या लाल खुणांच्या संख्येनुसार आहे.

‘होतो’ दिसलं की ‘हॅड’

मराठीत ‘बाबा निपाणीला गेले’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, बाबा आत्ता घरी नाहीत. ‘बाबा निपाणीला गेले होते’ म्हटलं की कळतं, ते परत आलेत, तो विषय संपला. आपला ‘होते’ एवढंच काम करतो: गोष्ट मागे पडली असं सांगतो. म्हणून ‘काल मी बाजारात गेलो होतो’, ‘गेल्या वर्षी आम्ही गोव्याला गेलो होतो’ ही आपली रोजची सरळ वाक्यं आहेत. कानडीतही ‘निन्ने होगिद्दे’ असंच सहज म्हणतात.

इंग्रजीतल्या ‘हॅड गॉन’ला हे काम येत नाही. त्याला भूतकाळातली दुसरी एक घटना लागते आणि आपण तिच्याही आधी घडलो एवढंच तो सांगतो. ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द खानापूर बस हॅड लेफ्ट.’ मी स्टँडवर पोचलो ही एक घटना. बस त्याआधीच सुटली होती, म्हणून ‘हॅड लेफ्ट’. दुसरी घटना नसेल तर ‘हॅड’ अधांतरी लटकतो. अर्जात ‘आय हॅड गॉन टू निपाणी येस्टरडे’ वाचणारा वाट बघत राहतो, जाण्याच्या पुढे काय झालं म्हणून.

मराठी आणि इंग्रजी रूपं इथे चक्क एकमेकांना ओलांडून जातात, म्हणून मी फळ्यावर ती आडव्या-तिरप्या रेघांनी जोडतो. ‘बाबा गेले’, म्हणजे अजून तिकडेच आहेत, याला ‘ही हॅज गॉन टू निपाणी’. ‘बाबा काल गेले होते’, याला ‘ही वेंट टू निपाणी येस्टरडे’. ‘बाबा निपाणीला जाऊन आलेत’, कधी ते सांगायचं नाही, तर ‘ही हॅज बीन टू निपाणी’. म्हणजे आपल्या साध्या भूतकाळाला कधीकधी त्यांचा परफेक्ट लागतो आणि आपल्या पूर्ण भूतकाळाला त्यांचा साधा. गाइडमधल्या समोरासमोरच्या रकान्यांनी हे कधीच कळणार नाही.

तपासायची रीत सोपी आहे. वाक्यात ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप एकत्र लिहिलंत की स्वतःला विचारा: ‘कशाच्या आधी?’ उत्तर त्याच परिच्छेदात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. आलं नाही तर ‘हॅड’ काढा आणि दुसरं रूप लिहा. दहातल्या नऊ वेळा तो काढावाच लागतो.

‘पासून’ आणि ‘दिंद’

‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन बेळगाव सिन्स टेन इयर्स.’ मोठ्यांच्या ईमेलमध्ये ही चूक पहिल्या क्रमांकावर आहे. नोकरीच्या मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की पहिलं वाक्य बहुधा याच साच्यातलं निघतं.

मूळ अगदी स्पष्ट आहे. आपण म्हणतो ‘दहा वर्षांपासून इथं राहतोय’, क्रियापद चालू वर्तमानकाळात. शेजारचे काका म्हणतात ‘हत्तु वर्षदिंद इल्ले इद्देने’, तेही वर्तमानात. दोन्ही भाषांना एवढं पुरतं, कारण ‘पासून’ आणि ‘दिंद’ मागची सगळी वर्षं ओढून आणतात. इंग्रजीत मागची वर्षं ओढून आणायचं काम क्रियापदाला करावं लागतं. म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन बेळगाव फॉर टेन इयर्स’ किंवा ‘आय हॅव लिव्ह्ड’. नुसतं ‘अ‍ॅम लिव्हिंग’ म्हटलं तर फक्त आजचं कळतं.

या एका वाक्यात दोन चुका आहेत, आणि पुष्कळ शिक्षक दुसरीच तेवढी दुरुस्त करतात. ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’ लिहून देतात, पण ‘अ‍ॅम लिव्हिंग’ तसंच ठेवतात. आधी क्रियापद दुरुस्त करा. मग ‘पासून’च्या आधी काय आहे ते बघा. कॅलेंडरवर बोट ठेवता येईल असा आरंभ असेल, म्हणजे सोमवार, जून, 2004, लग्न झाल्यापासून, तर ‘सिन्स’. मोजमाप असेल, म्हणजे दोन तास, सहा महिने, दहा वर्षं, तर ‘फॉर’. मराठीत दोन्हींना एकच ‘पासून’ चालतो, म्हणून आपल्याला हा फरक जाणवतच नाही.

सीमाभागात प्रत्येक घराला ठाऊक असलेलं उदाहरण मी इथे वापरतो. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 साली दाखल केला. दाखल करणं एकदाच घडलं, वर्ष ठरलेलं आहे, म्हणून ‘महाराष्ट्र फाइल्ड द सूट इन 2004.’ दावा अजून निकाली निघालेला नाही, म्हणून ‘द सूट हॅज बीन पेंडिंग सिन्स 2004.’ घटना त्याच वर्षाची, पण एकीकडे ‘इन’ आणि साधा भूतकाळ, दुसरीकडे ‘सिन्स’ आणि ‘हॅज बीन’. ज्याच्या आजोबांनी घरात यावर रात्र-रात्र बोलणं केलंय, त्या मुलाला हा फरक एका झटक्यात कळतो. पुस्तकातल्या ‘राम इज वर्किंग सिन्स मॉर्निंग’वर त्याच मुलाने वर्षभर डोकं आपटलेलं असतं.

शहराच्या नावाचंही तसंच. ‘इट वॉज ऑफिशियली कॉल्ड बेळगाम इन इंग्लिश अन्टिल 2014’, कारण ते संपलं. ‘इट हॅज बीन ऑफिशियली कॉल्ड बेळगावी सिन्स 2014’, कारण ते चालू आहे. 1 नोव्हेंबर 2014 ही तारीख दोन वाक्यांच्या बरोबर मध्ये येते. राज्याबद्दल लिहिताना थोडं जपा. बेळगाव या राज्यात 1956 पासून आहे, पण तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं, कर्नाटक हे नाव 1973 साली आलं. म्हणून ‘बेळगाव हॅज बीन इन धिस स्टेट सिन्स 1956’ असं लिहिलेलं बरं. काळ नीट झाला आणि इतिहास चुकला असं होऊ नये.

‘फॉर टेन इयर्स’ दिसलं की डोळे झाकून ‘हॅव बीन’ लिहू नका. दहा वर्षं इथे राहून कुणी पुण्याला गेला असेल तर ‘ही लिव्ह्ड इन बेळगाव फॉर टेन इयर्स’. शब्द तेच, पण राहणं संपलंय. दुसरा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

तारीख आहे, तरी ‘हॅव’

‘आय हॅव सीन हिम येस्टरडे.’ मराठीत ‘मी त्याला काल पाहिलंय’ म्हणायला काहीच हरकत नाही, ‘काल’ आणि ‘आहे’ गुण्यागोविंदाने एका वाक्यात नांदतात. इंग्रजीत ‘हॅव’ आणि ठरलेला गेलेला वेळ एकत्र बसत नाहीत. येस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 1924 यांपैकी काहीही आलं की ‘हॅव’ बाहेर.

टिळकवाडीतल्या वीरसौधजवळची काँग्रेस विहीर बहुतेक मुलांनी सहलीत पाहिलेली असते. गांधीजी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, ते 1924 साली इथे भरलं. त्या अधिवेशनाला पाणी पुरवण्यासाठी ही विहीर खोदली गेली. मी विचारतो, ‘हॅव यू सीन द काँग्रेस वेल?’ कधी पाहिली ते मी विचारत नाही, पाहिली आहे की नाही एवढंच विचारतो. उत्तर: ‘येस, आय हॅव सीन इट.’ मग विचारतो, ‘व्हेन डिड यू सी इट?’ आता वेळ विचारली, म्हणून उत्तर: ‘आय सॉ इट लास्ट इयर.’ आणि गांधीजींबद्दल: ‘ही केम टू बेळगाव इन 1924.’ कुणी ‘ही हॅज कम टू बेळगाव इन 1924’ लिहिलं तर मी विचारतो, अजून इथेच आहेत का? मुलांना ते लगेच लागतं.

बोलण्यात ही जोडी नेहमी याच क्रमाने येते: बातमी ‘हॅव’ने द्यायची, तपशील साध्या भूतकाळात सांगायचा. ‘माय ब्रदर हॅज गॉट अ जॉब! ही गॉट द लेटर ऑन मंडे.’ इंग्रजी पेपर वाचताना मुलांना हे शोधायला सांगा, आठवड्याभरात कान तयार होतो. ‘टुडे मॉर्निंग’ हाही आपलाच शब्द आहे, इंग्रजीत ‘धिस मॉर्निंग’ म्हणतात. दुपारनंतर सकाळची गोष्ट सांगायची असेल तर साधा भूतकाळच: ‘आय सॉ हिम धिस मॉर्निंग.’

आजी बसली आहे, बाळ झोपलंय, गेट पडलंय

ही चूक पुस्तकात मी कुठेच नोंदलेली पाहिली नाही, आणि मराठी मुलांच्या वह्यांत ती पानोपानी आहे. चित्रवर्णन लिहायला दिलं की हमखास येते. चित्रात कट्ट्यावर आजी आहे, पाळण्यात बाळ आहे, एका बाईने हिरवी साडी नेसली आहे. मुलं लिहितात: ‘द ओल्ड वुमन हॅज सॅट. द बेबी हॅज स्लेप्ट. द वुमन हॅज वोर्न अ ग्रीन सारी.’

एकाही वाक्याला व्याकरणाचं पुस्तक चूक म्हणणार नाही, म्हणून शिक्षकही गोंधळतात. पण इंग्रजी बोलणारा माणूस चित्र बघून असं कधीच म्हणणार नाही. तो म्हणेल ‘शी इज सिटिंग’, ‘द बेबी इज स्लीपिंग’, ‘शी इज वेअरिंग अ ग्रीन सारी’.

मराठीत ‘बसणे’ ही क्षणाची क्रिया आहे. उभी व्यक्ती खाली टेकते, क्रिया संपते आणि ती स्थिती मागे उरते, म्हणून ‘बसली आहे’. ‘आजी बसतेय’ म्हटलं तर गुडघे दुमडत खाली टेकणारी आजी डोळ्यांसमोर येते. झोपणे, उभं राहणे, निजणे, नेसणे, घालणे, टेकणे, लटकणे, हे सगळे याच जातीचे. इंग्रजीत मात्र ‘सिट’मध्ये टेकणंही आलं आणि टेकून राहणंही आलं. ती स्थिती चालू असेल तर ‘इंग’. म्हणजे मराठी ‘-लेला, -ली आहे’ला इथे इंग्रजीचा चालू काळ लागतो, अगदी उलटा.

आमच्या टिळकवाडीत रेल्वेची फाटकं आहेत, पहिलं गेट, दुसरं गेट असं म्हणतात. उशीर झाला की सगळ्यांचं एकच कारण असतं, ‘गेट पडलं होतं.’ एका मुलाने उशिराच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘द गेट हॅड फॉलन.’ वाचणाऱ्याला वाटेल, गेट कोसळलं. तिथे ‘द गेट वॉज क्लोज्ड’ पाहिजे. ‘भूक लागली’ला ‘आय फेल्ट हंग्री’ नको, ‘आय अ‍ॅम हंग्री’. ‘कळलं’ला बहुतेक वेळा ‘आय अंडरस्टँड’. आपण बदल घडला असं सांगतो, आणि बदलानंतरची आत्ताची स्थिती ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी आत्ताची स्थिती थेट सांगते. दुरुस्तीसाठी मी एकच प्रश्न विचारायला लावतो: आत्ता या क्षणी फोटो काढला तर त्यात काय दिसेल? दिसतं ते ‘इज’ने सांगा.

आलो आलो, जाऊन येतो, उद्या येतो

घरातून हाक आली की आपण जागेवरून न हलता ‘आलो, आलो’ म्हणतो. इंग्रजीत ते ‘कमिंग’ किंवा ‘आय अ‍ॅम कमिंग’, ‘आय केम’ नव्हे. निरोप घेताना ‘जाऊन येतो’, कानडीत ‘होगि बर्तीनि’, दोन्हींत ‘जातो’ म्हणणं अशुभ म्हणून येणंही जोडायचं. ते इंग्रजीत ‘आय विल गो अँड कम’ करू नका, ‘आय अ‍ॅम लीव्हिंग नाऊ’ किंवा ‘सी यू’ पुरे. ‘उद्या येतो’ आणि ‘नाळे बर्तीनि’, दोन्ही भाषा वर्तमानकाळानेच भविष्य सांगतात. इंग्रजीत ठरलेला बेत ‘आय अ‍ॅम कमिंग टुमारो’, आत्ता दिलेला शब्द ‘आय विल कम टुमारो’. ‘आय कम टुमारो’ चालत नाही.

‘डिड’नंतर पुन्हा भूतकाळ

‘आय डिड नॉट वेंट’, ‘डिड यू सॉ’. मराठीत नकार शेवटी येतो आणि क्रियापद भूतकाळातच राहतं: ‘मी गेलो नाही’. तीच सवय. इंग्रजीत भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच लागते, ती ‘डिड’ने घेतली की क्रियापद मूळ रूपात: ‘डिड नॉट गो’, ‘डिड यू सी’. यावर जास्त लिहायला नको, महिनाभर रोज दहा वाक्यं तोंडी म्हटली की सुटते. समजावण्यापेक्षा इथे सरावच लागतो.

‘आला तर’ आणि ‘पोचलास की’

‘पाऊस आला तर आम्ही शिवारात जाणार नाही.’ मराठीत अट भूतकाळात, निकाल भविष्यात. त्याचं सरळ भाषांतर, ‘इफ इट रेन्ड, वी विल नॉट गो’. यातून वाचणाऱ्याला वाटतं पाऊस पडून गेलाय. हुशार मुलं दुसरीकडे घसरतात: पाऊस पुढे पडायचा आहे ना, मग ‘इफ इट विल रेन’. दोन्ही चूक. अटीच्या भागात साधा वर्तमानकाळ, निकालात ‘विल’: ‘इफ इट रेन्स, वी विल नॉट गो टू द फील्ड.’

‘पोचलास की फोन कर’ हे आमच्याकडे रोज बोललं जाणारं वाक्य. ‘व्हेन यू रीच्ड’ नाही आणि ‘व्हेन यू विल रीच’ही नाही. ‘कॉल मी व्हेन यू रीच.’ पुढच्या काळाची गोष्ट असेल तर इफ, व्हेन, आफ्टर, बिफोर, अन्टिल, अ‍ॅज सून अ‍ॅज यांच्या पाठोपाठ ‘विल’ आणायचं नाही. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता घडलंच नाही त्याबद्दल बोलायचं असेल तर मराठी स्वतःच खूण देते: ‘असता’. ‘पाऊस आला असता तर आम्ही गेलो नसतो.’ इथे ‘इफ इट हॅड रेन्ड, वी वुड नॉट हॅव गॉन.’ हा ‘हॅड’ योग्य आहे. ‘आला असता तर’, ‘गेलो असतो तर’ असं दुसऱ्या क्रियापदाला जोडून ऐकू आलं की ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’, ही एक जोडी मराठीवरून बिनधोक आणता येते. ‘मी मुख्याध्यापक झालो तर’ हा निबंध मात्र कल्पनेचा आहे, म्हणून ‘इफ आय वेअर द हेडमास्टर, आय वुड’, आणि निबंध संपेपर्यंत ‘वुड’च. मुलं दुसऱ्या परिच्छेदात ‘विल’वर येतात, तिथे लक्ष ठेवा.

‘आय अ‍ॅम नोइंग’, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग’ या चुका ‘वाटतंय, कळतंय, दिसतंय’ यांतल्या ‘-तंय’ने येतात. नो, अंडरस्टँड, वाँट, नीड, बिलाँग आणि मालकी सांगणारा ‘हॅव’ यांना ‘इंग’ लावायचा नाही. ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ चालतं, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवणं.

सगळं एकत्र आल्यावर काय करायचं

सुटी वाक्यं बरोबर येतात आणि परिच्छेद लिहिला की गाडी घसरते, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. मराठीत गोष्ट सांगताना आपण मध्येच वर्तमानात येतो, ‘दार उघडतो, बघतो तर काय’. ऐकणाऱ्याला ते गोड लागतं. इंग्रजी निबंधात तसं केलं की काळ दर दोन ओळींना उडी मारतात.

माझी रीत अशी. लिहून झालं की पेन्सिलने फक्त क्रियापदांखाली रेघा मारायच्या, बाकी काही वाचायचं नाही. मग एकेका रेघेवर थांबून ते दोन प्रश्न विचारायचे. पहिल्या रेघेवर गोष्ट भूतकाळात सुरू केली असेल तर पुढची प्रत्येक रेघ भूतकाळात असायला हवी. जी नाही तिचं कारण सांगता आलं पाहिजे.

रजेचा अर्ज लिहिणाऱ्या त्याच मुलीला मी गोकाकच्या धबधब्यावर सहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. तिने लिहिलं:

‘लास्ट संडे वी हॅड गॉन टू गोकाक फॉल्स. माय आजी इज लिव्हिंग इन येळ्ळूर सिन्स फॉर्टी इयर्स. शी हॅज नेव्हर सॉ द फॉल्स. शी टोल्ड दॅट आय विल कम. व्हेन वी रीच देअर, इट इज रेनिंग. वी हॅव सॅट अंडर अ ट्री.’

आम्ही दोघांनी मिळून रेघा मारल्या. पहिली: ‘लास्ट संडे’ ठरलेला वेळ, शिवाय कशाच्या आधी हे दाखवता येईना, म्हणून ‘वेंट’. दुसरी: आजी अजून येळ्ळूरलाच आहेत, म्हणून ‘हॅज बीन लिव्हिंग’, आणि चाळीस वर्षं हे मोजमाप, म्हणून ‘फॉर’. चौथीत आजीचे शब्द तसेच्या तसे उचलले होते, ‘मी येते म्हणाली’. मराठीत ‘म्हणाली की’ आणि कानडीत ‘अंत’ बोलणाऱ्याचेच शब्द जसेच्या तसे ठेवतात. इंग्रजीत सांगणारा आपल्या जागेवरून सांगतो, म्हणून ‘शी सेड शी वुड कम’. ‘टोल्ड’ ठेवायचं तर कुणाला सांगितलं ते लिहावं लागतं, ‘टोल्ड अस’. पाचवीत ‘रीच्ड’ आणि ‘वॉज रेनिंग’, कारण गोष्ट त्या रविवारची आहे. सहावी तिने स्वतःच ओळखली. फोटोत झाडाखाली बसलेले दिसू, पण तो फोटो गेल्या रविवारचा, म्हणून ‘वी सॅट अंडर अ ट्री’.

तिसरी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ‘शी हॅज नेव्हर सॉ.’ ‘हॅज’नंतर ‘सीन’ पाहिजे, हे तिने लगेच सांगितलं आणि ‘शी हॅज नेव्हर सीन द फॉल्स’ असं करून वही पुढे सरकवली. मी विचारलं, आजींनी आता धबधबा पाहिलाय ना? ‘पाहिला की, आमच्याबरोबरच होती.’ मग ‘नेव्हर’ कधीपर्यंतचं?

ती थोडा वेळ पेन्सिल हातात धरून बसली. मग ‘हॅज’ खोडून ‘हॅड’ लिहिलं. मी विचारलं, कशाच्या आधी? तिने वहीतल्या पहिल्या ओळीतल्या ‘लास्ट संडे’वर बोट ठेवलं.